रूळ इथंच संपतोय, मग कंट्रोल कुठला?

प्रिय भावा,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, रागावू नकोस. मॉडेल रेल्वे चालवायला डीसी (साधा एकाच दिशेचा करंट) घेऊ का डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल), एवढंच तू विचारलंस, पण मी ह्यात सहा महिने घालवलेत त्यामुळं दोन ओळीत काय उत्तर निघंना.

आधी मला सांग, तुला गाडी फिरवायचीय का स्टेशन चालवायचंय? तुझ्या पोराला अंडाकृती ट्रॅकवर एक इंजिन पळताना बघायचं असेल तर साधा 12 व्होल्टचा डीसी कंट्रोलर घे, नॉब फिरवला की स्पीड, स्विच उलटा केला की रिव्हर्स, विषय संपला. बाकी पैसे डब्यांत घाल.

माझं गणित वेगळं होतं. आठवतंय ना, आपण शाळा बुडवून स्टेशनला जायचो ते? कोल्हापूरला 1891 पासून रूळ इथंच संपतोय. गाडी आली की इंजिन सुटायचं, शेजारच्या लाईनवरनं दुसऱ्या टोकाला जाऊन परत जोडायचं, आणि आपल्याला गाडीपेक्षा तेच बघायचं असायचं. मला माळ्यावरच्या नऊ फुटी फळीवर तेवढंच करायचंय. माझं मॉडेल एचओ मापाचं, म्हणजे 1:87, त्यात आपला साधा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्यातला) डबा साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो, म्हणून एक इंजिन आणि चारच डबे, तेच जवळपास चार फूट खातात.

आता डीसीत घोळ असा की करंट रुळात, इंजिन बिचारं आंधळं. त्या रुळावर जेवढी इंजिनं उभी तेवढी सगळी पळणार. एक प्लॅटफॉर्मला थांबवून दुसरं हलवायचं तर रूळ कापून तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा स्विच. मी कागदावर काढलं तर सात स्विच झाले, आणि खेळताना इंजिनाकडं बघायचं सोडून मी स्विचच मोजत बसणार हे दिसायलाच लागलं.

डीसीसीत रुळावर कायम पंधराएक व्होल्ट, पण त्याची दिशा सारखी उलटसुलट होत असते, आणि उलटायला किती वेळ लागला त्यात निरोप असतो. 58 मायक्रोसेकंद म्हणजे एक, 100 किंवा जास्त म्हणजे शून्य. इंजिनातला डिकोडर ते वाचतो, आपला नंबर आला तरच हलतो. कोरा डिकोडर कायम 3 नंबरचा असतो, दोन इंजिनांत दोन नवे बसवून नंबर बदलायला विसरलास की जोडीनं पळतात (मी विसरलो). डिकोडरातल्या सेटिंगचे आकडे, म्हणजे सीव्ही, त्यातले 3 आणि 4 वाढवले की इंजिन दमानं निघतं, दमानं थांबतं, अगदी खऱ्यासारखं. पॉवर देणारा करंट तोच, हुकूम देणारा पण तोच, लई डोकं लावलंय.

तयार सेटची किंमत बघून मी गप बसलो. मग आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), वर मोटर शील्ड (मोटरला पॉवर देणारा जोडबोर्ड) आणि डीसीसी-ईएक्सचं फुकटचं सॉफ्टवेअर, कंट्रोलर म्हणून जुना मोबाईल. एक सांगून ठेवतो, शील्डवरनं आर्डुइनोला पॉवर नेणारी व्हीआयएन पट्टी कापल्याशिवाय रुळाची पॉवर लावू नकोस, नाहीतर पंधरा व्होल्ट थेट आर्डुइनोत. पॉवर सप्लायची पेटी इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यातनं पत्र्याची करून घेतली, मिस्त्री म्हणाला "एवढ्याशा गाडीला एवढी पेटी?"

आणि हो, धूर पण काढला. माझ्या जुन्या अल्को डिझेल इंजिनाच्या मॉडेलात मोटरचा एक ब्रश (मोटरला करंट पोचवणारा तुकडा) थेट चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, टेकलेला होता, आणि चासीतनंच करंट यायचा. डिकोडरची लाल काळी वायर रुळाकडं, नारिंगी करडी मोटरकडं, एवढं वाचून मी सोल्डर केलं, ब्रश वेगळा केलाच नाही. तीन सेकंद. डिकोडरच्या वासानं आई खालनं ओरडली. आता मल्टिमीटरनं दोन्ही ब्रश आणि चासी तपासल्याशिवाय मी कव्हर लावत नाही.

सांधे (गाडीची लाईन बदलायचे रूळ) मात्र हातानंच ओढतो, सायकलच्या स्पोकची दांडी केलीय. सगळंच मोबाईलवर केलं तर मग माझं काय काम?

तुझ्याकडं इंजिन एकच असणार, म्हणून म्हणतो, आत्ता डीसीच घे. फक्त इंजिन घेताना डिकोडरचं सॉकेट असलेलं बघ, दुसरं इंजिन आलं की मला फोन कर.

दिवाळीला ये, तोवर इंजिन गाडीभोवती फिरून जोडलं जाईल बहुतेक, सध्या कपलर (डबे जोडणारा हूक) लागताना चौथा डबा रुळावरनं उतरतोय. आणि येताना रेल जॉइनरचं एक पाकीट आण, माझे संपलेत.

तुझा,
माळ्यावरचा स्टेशन मास्तर