आधी पावती, मग बाराखडी

प्रौढांसाठीच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमातील परीक्षेची बातमी वाचली. वाचन, लेखन, संख्याज्ञानाला प्रत्येकी ५० गुण, उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के, हे ठीकच. पण तयारी ‘कमळा’तल्या ‘क’पासून झाली, तर पन्नाशीतली बाई चार दिवसांत वर्ग सोडते. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये तिथल्या अँजिकोस गावी ‘वीट’सारख्या रोजच्या शब्दांवर आधी चर्चा घडवली, मग ते शब्द फोडून अक्षरे शिकवली; वर्ग अवघा ४० तासांचा होता. आपल्याकडे रेशनची पावती घ्यावी. पावतीवर किती, पिशवीत किती, फरक का, हे बायकांनीच बोलावे. उत्तर देण्याची घाई शिकवणाऱ्या स्वयंसेवकाने करू नये (नेमकी तिथेच पुन्हा ‘गुरुजी सांगणार, बाकीचे ऐकणार’ अशी शाळा सुरू होते). मग ‘किलो’ फळ्यावर लिहून का-कि-कु, ला-ली-लो. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात या पद्धतीचे निदान एक सत्र ठेवावे.

– एक साक्षरता प्रशिक्षक