आवाहन : पुरात बुडालेल्या सायकली पुन्हा नदीकाठी आणायच्या आहेत

सप्रेम नमस्कार.

दर दसऱ्याला आपण, म्हणजे पुण्यात मुठेकाठी दर रविवारी फेरी काढणारं आपलं सायकल मंडळ, सगळ्या सायकली ओळीनं उभ्या करतो, धुतो, पुसतो आणि हँडलला झेंडूची माळ बांधतो. यंदा माळ घालायला धड सायकलच नव्हती. आम्ही पाच जण जमलो, चिखल खरवडलेल्या सांगाड्यांना हळदकुंकू वाहिलं, आपट्याची पानं ठेवली आणि फारसं न बोलता घरी गेलो. तेव्हाच ठरलं की आता संकोच पुरे, सगळ्यांपुढे पदर पसरायचा. म्हणून हे पत्र.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि एकतानगरीच्या बाजूला ते घराघरांत शिरलं, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. सायकली ठेवायचा आपला गाळा त्याच पट्ट्यातला. शेजारच्यांचे संसार वाहून गेलेले असताना सायकलींचं दुःख सांगायला जीभ रेटेना, म्हणून मंडळ आजवर गप्प राहिलं. त्या दिवसांत आपले सभासद लोकांच्या घरातला गाळ उपसत होते आणि तेच योग्य होतं. स्वतःचा गाळा आपण पाचव्या दिवशी उघडला. शटर अर्ध्यावरच अडकलं. आत २९ सायकली आणि दोन जोडसायकली (दोघांनी मिळून चालवायच्या) एकमेकींत गुंतून पडलेल्या. एक चाक उचलून फिरवलं, तर हबमधून आधी करडं पाणी आलं, मग वाळू. गोळ्या कपात गंजून बसलेल्या, चेनी काठीसारख्या ताठ, केबल तुटलेल्या, सीटवर बुरशी.

त्या ढिगात सगळ्यात खाली थोरल्या काकांची हिरवी रॅले सायकल होती. नव्या सभासदांसाठी तिची हकिगत सांगायलाच हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा काका ओंकारेश्वराजवळच्या वाड्यात राहत होते आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलनं जात होते. वाड्याची भिंत बसली आणि सायकल तिच्याखाली गेली. चिखलातून ती बाहेर काढली तेव्हा पुढच्या चाकाचा पार आठ झालेला. काकांनी ती सुटी केली, एकेक भाग रॉकेलमध्ये धुतला, आरे नवे घातले आणि त्याच सायकलवर निवृत्तीपर्यंत कामाला गेले. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ती त्यांनी मंडळाला दिली. आपल्याकडची ही पहिली सायकल. तिच्यामुळेच ‘ज्याच्याकडे सायकल नाही त्यानंही रविवारी यावं’ हा आपला नियम झाला. आज काका नाहीत. त्यांची रॅले मात्र दुसऱ्यांदा चिखलातून बाहेर आली आहे आणि ती पुन्हा चालती करणं हे आपलं देणं आहे असं मी मानते.

काकांनी सुरुवात केली आणि पुढे माणसं जोडली गेली. सदाशिव पेठेतल्या आजींना पेन्शनचा फरक मिळाला, त्या पैशातून त्यांनी पहिली जोडसायकल घेऊन दिली. देताना एकच अट घातली : तिच्यावर नाव टाकायचं नाही. ती अट आपण आजही पाळतो. म्हात्रे पुलाजवळच्या दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी आपल्या मुलांना पंक्चर काढायला, चेन बसवायला, चाकाची आऊट काढायला, म्हणजे वाकलेलं चाक सरळ करायला, शिकवलं. किती रविवार दिले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही, आपणही ठेवू शकलो नाही. डॉक्टरबाई प्रथमोपचाराची पेटी घेऊन सगळ्यांच्या मागे राहतात, शेवटचा माणूस पोहोचल्याशिवाय त्या पुढे जात नाहीत. पोह्यांचं पातेलं घेऊन घाटावर येणारं जोशी आळीतलं कुटुंब, टाकून दिलेली लहान मुलांची सायकल रंगवून आणणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, पहिली तीन वर्षं गाळ्याचं भाडं परस्पर भरणारे आणि कुणाला कळू न देणारे ते गृहस्थ, या सगळ्यांच्या जोरावर मंडळ उभं आहे. यातला कुणीही श्रीमंत नाही.

आपली फेरी शर्यतीची नाही. घड्याळ नाही, किलोमीटरची चढाओढ नाही. सकाळी सहाला राजाराम पुलाजवळून निघायचं, कर्वेनगरच्या कॅनॉल रोडनं, जिथे मुठेचा जुना डावा कालवा होता, झाडांच्या सावलीतून यायचं, मग नदीपात्रातल्या रस्त्यावर उतरायचं. डावीकडे मेट्रोचे खांब, उजवीकडे पाणी. लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, पुढे ओंकारेश्वर. ज्यांना हौस आहे ते १९२३ च्या ‘नव्या पुला’वरून, म्हणजे शिवाजी पुलावरून, मुळा-मुठेच्या संगमाकडे आणि तिथून बंडगार्डनला जातात. १८६७ चा फिट्झगेराल्ड पूल आता गाड्यांना बंद आहे. त्याच्या कठड्याला सायकल टेकवून चहा पिण्यात जे सुख आहे ते मी लिहून सांगू शकत नाही. वाटेत खंड्या दिसला की थांबायचं. शेकाट्या पक्षी लांब तांबड्या पायांवर उथळ पाण्यात चालत असले की थांबायचं. थंडीत धोबी पक्षी दगडांवर शेपटी हलवत फिरू लागले की आपल्यातले पक्षिवाले कुणाला पुढे जाऊच देत नाहीत.

नदीला वास येतो, नदीत मैलापाणी आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दर रविवारी आपण त्या वासातूनच जातो. नदीसुधार प्रकल्पाच्या ४४ किलोमीटरच्या काठाबद्दल आपल्यातच दोन मतं आहेत. कुणाला नव्या बांधलेल्या काठावर सलग सायकल चालवता येईल याचा आनंद आहे, कुणाला तुटलेल्या झाडांचं दुःख आहे, आणि माझा जीव झाडांकडे आहे. पण नदीकाठी रोज माणसं असली, तिच्याकडे बघणारी, ओळखीची माणसं असली, तरच तिच्यासाठी बोलणारं कुणी उरेल, याबद्दल मंडळात दुमत नाही.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार सांगते. जोडसायकलवर पुढे आपला एक कॉलेजचा मुलगा, मागे वसतिगृहातला एक दृष्टिहीन विद्यार्थी. पात्रातल्या रस्त्यानं जाताना मागचा मध्येच म्हणाला, ‘पुलाखाली आलो ना?’ पुढच्यानं विचारलं, कसं कळलं? तो म्हणाला, घंटीचा आवाज बदलला आणि गालाला गार लागलं. मग लकडी पुलापासून पुढे प्रत्येक पुलाखाली त्यानं स्वतः घंटी वाजवली आणि आवाजावरून पूल ओळखायला शिकला. परत येताना एकही चुकला नाही. आपल्याकडे असे सहा विद्यार्थी नेमानं येत होते. जुलैपासून ते दर पंधरा दिवसांनी फोन करून विचारतात, ‘ताई, फेरी कधी?’ दर वेळी मी ‘लवकरच’ म्हणते आणि फोन ठेवल्यावर मला वाईट वाटतं.

तशाच आपल्या मैत्रिणी. लहानपणी भावाच्या सायकलवर दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारलेलं, पुढे लग्न, स्वयंपाकघर, स्कूटरची मागची सीट. पन्नाशीनंतर पुन्हा सायकलवर बसलेल्या अकरा जणी आपल्याकडे आहेत. त्यांतल्या नऊ जणींकडे स्वतःची सायकल नाही. मंडळाची सायकल होती म्हणून त्या आल्या. ‘फिटनेससाठी नवी घ्या की’ असं त्यांना सांगणं सोपं आहे, पण घरच्या खर्चात ती ओळ कुठे बसते हे त्यांनाच ठाऊक.

आता थोडं मनातलं. मागच्या वर्षी आपण एवढंच आवाहन केलं होतं की गाळा बदलायचा आहे, जागा खाली आहे, पाण्याचा धोका आहे. चारशेच्या वर माणसांनी ते वाचलं. मदत आली सात जणांकडून. एका कार्यालयात उंचावरची रिकामी खोली मिळावी म्हणून चार अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर नाही. तेव्हा ती खोली मिळाली असती किंवा आपल्याकडे अनामत जमली असती, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. पुरानंतर चिखलातल्या सायकलींचे फोटो टाकले तेव्हा ‘अरेरे’, ‘फार वाईट झालं’ असं पुष्कळांनी लिहिलं. त्या मायेची मला किंमत आहे. पण चेन धुवायला शनिवारी बोलावलं, तर आले चार जण. फेरीच्या शेवटी सामूहिक फोटोत साठ-सत्तर जण असतात, हे पाहिल्यावर मन खट्टू होतं, खोटं कशाला बोलू. कुणाला दुखवायचं नाही. फक्त या वेळी ‘कुणीतरी करेलच’ असं म्हणून हे पत्र बाजूला ठेवू नका.

पुरानंतरची पहिली फेरी रविवार, १० नोव्हेंबरला काढायची असं ठरलं आहे. भाऊबीज ३ तारखेला, त्यानंतरचा रविवार. त्याआधी मिस्त्रीकाकांना किमान दोन आठवडे हवेत. डिसेंबरात नेहमीप्रमाणे पक्षी बघायला कवडीपाटची फेरीही करायची आहे. मुळा-मुठेच्या त्या पाण्यावर तोपर्यंत चक्रवाक बदकं उतरलेली असतील, आणि गेल्या खेपेला हुकलेल्यांना या वर्षी नेऊ असा शब्द मी दिलेला आहे.

खर्च असा : २९ पैकी २३ सायकली दुरुस्त होण्यासारख्या आहेत, टायर-ट्यूब, चेन, गोळ्या, केबल, ग्रीस आणि मजुरी धरून सरासरी २,२०० रुपये, म्हणजे ५०,६००; दोन जोडसायकलींचे ९,०००; नवी खोली पहिल्या मजल्यावर, उतार लावता येईल अशा जिन्याची मिळते आहे, तिची अनामत ३०,००० (भाडं वर्गणीतून भागेल); एकूण ८९,६००. आजवर जमले ३१,४००, उरले ५८,२००. एका सायकलीचा खर्च एकट्यानं किंवा दोन-तीन घरांनी मिळून उचलला तरी चालेल, शंभर रुपयेही चालतील. पैसे नेहमीच्या खात्यावर, क्रमांक सभासदांच्या गटावर आहे, खात्री करून मगच पाठवा. रोख दिल्यास खजिनदारांकडूनच छापील पावती घ्या. करसवलतीची सोय आपल्याकडे नाही. सहा सायकली कायमच्या गेल्या, त्यामुळे जिन्याखाली पडून असलेली चालू किंवा दुरुस्त होणारी सायकल असेल तर कळवा, टेम्पो रविवारी २७ ऑक्टोबरला फिरेल. लहान मुलांच्या सायकली सध्या पुरेशा आहेत, मोठ्या द्या, बिनदांडीच्या असतील तर फारच छान. पाने, पंप, जुने टायर चालतील. हातांची मदत : पुढचे तिन्ही शनिवार दुपारी तीनपासून, मिस्त्रीकाकांच्या दुकानामागे, जुने कपडे घालून या. शेवटची तारीख पैशांसाठी ३१ ऑक्टोबर. प्रत्येक रुपयाचा हिशेब पहिल्या फेरीला सकाळी वाचून दाखवला जाईल.

काकांची रॅले या २९ सायकलींत नाही आणि तिचा खर्चही वरच्या हिशेबात धरलेला नाही. तो त्यांच्या नातीनं स्वतःकडे घेतला आहे.

आपली,
कार्यवाह

ता. क. : जूनमध्ये ज्यांनी घरी नेले होते ते दोन मोठे पंप आणि जोडसायकलीच्या कुलपाची किल्ली कृपया परत आणून द्यावी. पुरात न बुडालेल्या एवढ्याच वस्तू आपल्याकडे उरल्या आहेत.