वेढ्यांचा हिशेब हरवू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जखमेवर हळद वापरण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ साली दिले गेलेले पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतल्यामुळे १९९७ मध्ये रद्द झाले. पेटंटच्या लढाईत जपलेले घरगुती उपायांचे हे ज्ञान आपल्याच घरांत मात्र अर्धवट उरले आहे, याचे मनापासून वाईट वाटते.

माझ्या आजेसासूबाई बाळगुटी उगाळताना वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे सहाणेवरचे वेढे मोजत आणि जायफळाचा वेढा वाढला तर बाळ गुंगून पडेल, असे बजावत. आता काष्ठौषधींच्या दुकानातून गुटीचे तयार पाकीट घरी येते, पण वेढ्यांचा हिशेब सोबत येत नाही. त्यांची गुटी मधातून चाटवण्याची रीत मात्र मी नातवासाठी जाणीवपूर्वक सोडली. मधात असू शकणारे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणूबीज तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकते, म्हणून वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात देऊ नये. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद फासण्याऐवजी तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा, हेही अनेक घरांत अजून पोहोचलेले नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखादे वैद्य आणि बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून प्रत्येक उपायाचे प्रमाण, तो कधी टाळावा आणि डॉक्टरांकडे कधी जावे हे सांगणारे सदर सुरू करावे, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे