टॉवर आहे, रेंज आहे, पण नेट नाही: क्षमता वाढवण्याबाबत तक्रार

प्रति,
अपील प्राधिकारी,
महाराष्ट्र व गोवा परिमंडळ

दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

विषय : राजापूर तालुक्यातील आमच्या गावच्या सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) टॉवरवर गर्दीमुळे डेटा सेवा ठप्प होणे, आणि त्याबाबतची तक्रार न तपासता बंद करणे.

महोदय,

मी गेली नऊ वर्षे आपल्या मोबाइल कंपनीचा प्रीपेड ग्राहक आहे. २९ ऑगस्टला मी आपल्या ग्राहक सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली. १ सप्टेंबरला 'आपल्या भागातील नेटवर्क सामान्य आहे' असा संदेश आला आणि तक्रार बंद झाली. मधल्या काळात गावात कोणी आले नाही. मला फोन करून कुठे, किती वाजता, काय होते, एवढेही कोणी विचारले नाही. म्हणून हे अपील करत आहे.

२८ ऑगस्टच्या रात्री दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करून मंडळी घरी परतली, तेव्हा नऊ वाजून गेले होते. माझ्या थोरल्या वहिनींच्या छातीत कळ येऊ लागली, घाम फुटला. गावातल्या डॉक्टरांनी येऊन ईसीजी काढला. त्यात त्यांना काहीतरी खटकले, म्हणून त्यांनी पट्टीचा फोटो रत्नागिरीच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायला घेतला. फोटो जाईना. डॉक्टरांच्या फोनमध्ये आपलेच सिम, माझ्याही फोनमध्ये आपलेच. रेंजच्या चारही काड्या उभ्या होत्या. पडवीतून अंगणात, अंगणातून पाणंदीत, असे आम्ही फोन उंच धरून फिरत राहिलो. फोटो गेला तेव्हा पहिल्या प्रयत्नाला ३७ मिनिटे झाली होती. हृदयरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी सांगितले, जराही न थांबता घेऊन या. गाडी तयारच होती, आम्ही निघालो. वहिनी आज घरी आहेत आणि बऱ्या आहेत.

आपले प्रतिनिधी मला म्हणाले, 'पण सर, कॉल तर लागत होता ना?' हो, लागत होता. गर्दीतही आवाजाला नेटवर्कमध्ये अग्रक्रम दिलेला असतो, म्हणून बोलणे झाले. पण ईसीजी बोलून सांगता येत नाही.

मी ३४ वर्षे दूरसंचार खात्यात काढली. सी-डॉट या सरकारी संस्थेची १२८ पोर्टांची छोटी ग्रामीण एक्सचेंजे कोकणातल्या गावोगाव बसवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. त्यामुळे बिघाड आणि गर्दी यांतला फरक मला कळतो, आणि आपल्याकडे मी केलेली तक्रार बिघाडाची नव्हतीच. ती गर्दीची होती. आपल्या केंद्राने टॉवर चालू आहे का एवढेच पाहिले. तो चालूच होता.

त्याचा पुरावा माझ्या वहीत आहे. २४ ऑगस्टपासून ६ सप्टेंबरपर्यंत, अनंत चतुर्दशीपर्यंत, मी दररोज पहाटे चार, दुपारी एक आणि रात्री नऊ अशा तीन वेळा, ओटीवरच्या त्याच खांबाशी बसून, त्याच फोनवर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) मायस्पीड अ‍ॅपने वेग मोजला. २८ तारखेला पहाटे चार वाजता २२ मेगाबिट प्रति सेकंद मिळाले आणि रात्री नऊला ०.१. सिग्नलची ताकद दोन्ही वेळेला उणे ८८ डीबीएमच्या आसपास होती. फोन तोच, जागा तीच, सिग्नल तोच. बदलली ती फक्त गावातली माणसे. पुढे चाकरमानी परतू लागले तसतसा रात्रीचा आकडा वर चढत गेला. ६ तारखेला रात्री नऊला मला ९ मेगाबिट मिळाले. माझ्या फोनमध्ये दोष असता तर तो मुंबईच्या गाड्या सुटल्यावर आपोआप बरा झाला नसता.

आपल्या संकेतस्थळावरच्या नकाशात आमचे गाव भरगच्च रंगवलेले आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे असे नकाशे कंपन्यांना प्रसिद्ध करावे लागतात, हे चांगलेच झाले. पण तो नकाशा सिग्नल कुठे पोचतो ते दाखवतो. तिथे एका वेळी किती माणसांचे काम होईल, हे त्यातून कळत नाही. टॉवरच्या एका सेक्टरची, म्हणजे एका दिशेला तोंड केलेल्या भागाची, जी काही क्षमता असेल, ती त्या सेक्टरखालच्या सगळ्यांत वाटली जाते. १० मेगाहर्ट्झच्या एका फोरजी वाहकावर (डेटा वाहून नेणाऱ्या लहरीवर), दोन अँटेनांनिशी, आदर्श स्थितीत ७५ मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो. प्रत्यक्षातली सरासरी त्याच्या बरीच खाली असते, आणि आमच्यासारख्या चढउताराच्या गावात आणखीनच खाली. सड्याखालच्या वाडीत ज्याला एकच काडी मिळते, त्याच्याशी टॉवरला सावकाश, हळू गतीच्या मोड्युलेशनने (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीने) बोलावे लागते. त्यामुळे तोच व्हिडिओ पाहायला तो सेक्टरचा कितीतरी जास्त वेळ घेतो आणि टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्याचीही गती जाते. यात त्या माणसाचा काही दोष नाही. त्याच्या घरावर सिग्नल नीट पडत नाही, हा नियोजनाचा प्रश्न आहे.

गणपतीत आणखी एक गोष्ट होते, ती शहरात बसून सहज लक्षात येणार नाही. एरवी लोक डेटा खाली ओढतात. या दिवसांत ते वर पाठवतात. घराघरातून आरतीचे, भजनाचे, गौरीच्या ओवशाचे व्हिडिओ मुंबईला, पुण्याला, आखातात राहिलेल्या मुलांकडे जातात. ज्याला यंदा रजा मिळाली नाही त्याला व्हिडिओ कॉलवरून गणपती दाखवतात. फोनची प्रक्षेपण-शक्ती टॉवरच्या तुलनेत नगण्य, त्यात घरांना चिऱ्याच्या जाड भिंती. वर जाणारी वाट आधी तुंबते ती त्यामुळे. डॉक्टरांचा फोटो त्याच वाटेवर अडकला होता.

ग्राहक सेवेने मला तीन उपाय सुचवले: फोन बंद करून चालू करा, एपीएन (फोनमधली इंटरनेट जोडणीची सेटिंग) तपासा, आणि दिवसाला जास्त डेटा देणारा फाइव्हजीचा पॅक घ्या. पहिले दोन मी केले. तिसऱ्याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या टॉवरवर फाइव्हजी नाही. उद्या ३३०० मेगाहर्ट्झवर बसवले तरी ती लहर चिऱ्याच्या भिंतीतून आत शिरताना बरीच क्षीण होते, त्यामुळे नुसत्या त्यावर गावाचे भागणार नाही. आणि मोठा पॅक घेऊन सेक्टरची क्षमता वाढत नाही. पाटाला पाणी तेवढेच असताना प्रत्येक बागायतदाराला मोठी कळशी विकण्याचा हा प्रकार आहे.

डेटाची मागणी झपाट्याने वाढली, हे मी मान्य करतो. ट्रायच्या आकड्यांनुसार २०१४ साली देशातला सरासरी ग्राहक महिन्याला जेमतेम पाव जीबी वापरत होता. आता तो २० जीबीच्या वर वापरतो. एवढी वाढ पेलणे सोपे नाही. मोबाइलच्या लहरी (स्पेक्ट्रम) लिलावात विकत घ्याव्या लागतात, २०२२ च्या एका लिलावातच सगळ्या कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. पण ही वाढ काही तुमच्या नकळत झालेली नाही. दिवसाला दोन जीबीचा पॅक तुम्हीच तयार केला, तुम्हीच जाहिरात करून विकला. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले, ते आम्ही भरले, आजही भरतो आहोत.

आमच्या खात्यात 'बिझी अवर' नावाची गोष्ट होती. दिवसाच्या चोवीस तासांतला सर्वांत गर्दीचा तास शोधायचा, त्या तासातली कॉलची वाहतूक मोजायची आणि एक्सचेंजांना जोडणाऱ्या ट्रंक लाइनी त्या हिशेबाने द्यायच्या. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांगने हे गणित विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले, त्याचा पहिला निबंध १९०९ चा. वाहतूक मोजण्याचे एकक आजही त्याच्या नावाने ओळखले जाते. गणपतीच्या महिनाभर आधी आम्ही मुंबईकडच्या लाइनींचे मागच्या वर्षीचे आकडे काढून बसायचो आणि ज्यादा जंक्शन (जोड-लाइनी) मागायचो. सगळ्याच वर्षी मिळायचे नाहीत. पण मागायचो, कारण गर्दी कोणत्या तारखेला येणार हे ठाऊक असायचे. तुमच्याकडे तर प्रत्येक सेक्टरचा दर पंधरा मिनिटांचा भार आपोआप नोंदला जातो. चतुर्थीची तारीख कॅलेंडरवर छापलेली असते. पुढच्या वर्षी ती १४ सप्टेंबरला आहे.

पंढरपूरच्या आषाढी वारीला कंपन्या चाकांवरचे फिरते टॉवर नेऊन उभे करतात, ते मी स्वतः पाहिले आहे. आमच्याकडे तसे करा असे मी म्हणणार नाही. तिथली गर्दी एका गावात गोळा होते. कोकणातली शेकडो वाड्यांत पसरते आणि प्रत्येक सड्यावर गाडी उभी करणे कोणालाही परवडणार नाही. इथे करण्यासारख्या गोष्टी वेगळ्या आहेत. गावाकडे तोंड असलेल्या सेक्टरवर माझ्या फोनला एकच वाहक दिसतो. तिथे दुसऱ्या पट्ट्यातला वाहक जोडून दोन्ही एकत्र वापरू दिले, तर आहे त्याच खांबावर क्षमता वाढेल. तो सेक्टर दोन अरुंद सेक्टरांत विभागता येईल. खालच्या वाडीसाठी शाळेजवळ एक लहान सेल (छोटे प्रक्षेपण केंद्र) बसवला तर सगळ्यांत कमकुवत सिग्नलचे ग्राहक मोठ्या टॉवरवरून उतरतील आणि उरलेल्यांचीही गती वाढेल. समुद्राकडे तोंड केलेला सेक्टर रात्री बहुधा रिकामा असेल. तरी तो वळवून गावाकडे आणू नका. पहाटे होड्या घेऊन जाणारे मच्छीमार किनाऱ्यापासून बऱ्याच आतपर्यंत त्यावर बोलतात, आणि खराब हवामानात त्यांचा तोच आधार आहे.

मात्र हे सगळे करण्याआधी टॉवरला मागून जोडणारी वाट तपासा. रस्त्यावरून पाहिले तर वर एक मायक्रोवेव्हचा गोल ड्रम शेजारच्या डोंगराकडे तोंड करून आहे. फायबर टॉवरच्या आवारात जाताना मला दिसली नाही. पुढे दहा वाहक लावले आणि मागची जोडणी तशीच अरुंद ठेवली, तर पैसे खर्चूनही आमच्या हाती काही येणार नाही. जिथे फायबर अजून पोचणार नसेल तिथे निदान त्या मायक्रोवेव्ह दुव्याची क्षमता वाढवता येते.

माझी मागणी अशी आहे. २४ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर या काळात आमच्या गावाकडच्या सेक्टरवर रात्री आठ ते अकरा या वेळेत किती भार होता आणि ग्राहकाला सरासरी किती गती मिळाली, ते मला लेखी कळवावे. पूर्ण परिमंडळाची सरासरी नको. तिच्यात सड्यावरचा एक सेक्टर बुडून जातो. क्षमता वाढवण्यासाठी काय करणार आणि कोणत्या महिन्यापर्यंत, तेही लिहावे. पहिली तपासणी मार्चमधल्या शिमग्याला होऊ द्या, तेव्हाही गाव भरते. आणि 'नेटवर्क सामान्य आहे' असे लिहून बंद केलेली माझी तक्रार आपल्या नोंदीत 'क्षमतेअभावी सेवा बाधित' अशी दुरुस्त करावी. नोंदच चुकीची राहिली, तर पुढच्या वर्षीचे नियोजन करणाऱ्या अभियंत्याला आमचे गाव दिसणारच नाही.

नुकसानभरपाई म्हणून मला पैसे किंवा फुकट डेटा नको. तसा देऊ केल्यास मी तो नाकारीन, कारण तो घेतला की प्रकरण मिटले असे धरले जाते.

नियमानुसार या अपिलावर ३९ दिवसांत निर्णय व्हायला हवा. तो न झाल्यास, किंवा पुन्हा तसाच एक ओळीचा संदेश आल्यास, मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दूरसंचार सेवेचा ग्राहक तिथे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. माझ्या वहीत खालच्या वाडीतल्या एकोणीस ग्राहकांनीही आपापल्या फोनवरचे आकडे लिहून सह्या केल्या आहेत.

आपल्या अभियंत्यांनी यायचे ठरवल्यास दिवसा येऊ नये. दुपारी नेट बरे चालते आणि त्यांना काहीच सापडणार नाही. रात्री साडेआठला यावे, आमच्याकडेच जेवावे आणि नऊ वाजता खालच्या वाडीत माझ्याबरोबर उतरावे. पाणंदीत सध्या चिखल आहे, बूट घालून यावे. वहीच्या चौदा पानांच्या प्रती आणि बंद झालेल्या तक्रारीचा संदेश सोबत जोडला आहे.

आपला,
एक प्रीपेड ग्राहक
(निवृत्त दूरसंचार कर्मचारी)
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी