प्रतीकांचा तक्ता आणि ‘फ्रँकेनस्टाइन’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या शैक्षणिक पुरवणीत बी.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’ या कादंबरीतील प्रतीकांचा तक्ता प्रसिद्ध झाला आहे. डाव्या रकान्यात प्रतीक आणि उजव्या रकान्यात त्याचा अर्थ अशी त्याची मांडणी आहे: अग्नी म्हणजे ज्ञान, बर्फ म्हणजे एकाकीपणा, चंद्र म्हणजे भय, प्रॉमिथियस म्हणजे बंडखोरी. परीक्षेच्या तोंडावर असे काही हाताशी असले की मुलांना हायसे वाटते, हे सोलापुरात इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. असे तक्ते मीही फळ्यावर काढले आहेत, हेही कबूल करतो. मात्र पुस्तक उघडून ताडून पाहिले तर यातील बहुतेक जोड्या टिकत नाहीत, कारण या कादंबरीतील प्रतीके कथेबरोबर आपला अर्थ पालटत जातात.

अग्नीचेच पाहा. कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन हा तरुण शास्त्रज्ञ एक जीव घडवतो आणि त्याला टाकून देतो. रानात एकटा भटकणाऱ्या त्या निनावी जिवाला भिकाऱ्यांनी मागे सोडलेला विस्तव सापडतो. ऊब लागताच तो हरखतो, त्या आनंदात निखाऱ्यांत हात घालतो आणि कळवळून मागे घेतो. एकाच कारणातून असे उलटे परिणाम कसे निघतात, याचे त्याला नवल वाटते. कंदमुळे भाजल्यावर रुचकर लागतात, बोरांसारखी मऊ फळे मात्र बिघडतात, एवढा स्वयंपाकघरातला बारकावाही लेखिकेने सोडलेला नाही. पुढे ज्या दि लेसी कुटुंबाला तो आपले मानत होता, त्यांनी झिडकारल्यावर त्यांचे रिकामे घर तो आगीनेच भस्मसात करतो. यातल्या नेमक्या कोणत्या प्रसंगाला ‘ज्ञान’ म्हणायचे? चंद्राचेही तसेच. तो त्या जिवाचा जगातील पहिला आनंद आहे. लेखिका त्याच चंद्रप्रकाशात पुढे त्याला खिडकीशी उभा करते, एकदा स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटावर आणि एकदा व्हिक्टरच्या लग्नाच्या रात्री, तेव्हा मात्र वाचकाच्या अंगावर काटा येतो. (बर्फाविषयी मी फार बोलत नाही, सोलापूरच्या मे महिन्यात उत्तर ध्रुवाकडची ती प्रकरणे वाचताना एकाकीपणापेक्षा गारवाच अधिक जाणवतो.)

माझा खरा आक्षेप प्रॉमिथियसच्या ओळीला आहे. 1818 मध्ये लेखिकेच्या नावाविना तीन खंडांत निघालेल्या या कादंबरीचे उपशीर्षक ‘आधुनिक प्रॉमिथियस’ असे आहे. ग्रीक पुराणातल्या या प्रॉमिथियसच्या कथा दोन आहेत. एकीत तो देवांकडून अग्नी चोरतो; दुसरीत, जी रोमन कवी ऑव्हिडने सांगितली आहे, तो मातीपासून माणूस घडवतो. तक्त्यात फक्त चोरी आली आणि माती राहून गेली. वास्तविक शीर्षकपृष्ठावरच इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातील आदमचा, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाचा, सवाल छापलेला आहे, की हे निर्मात्या, मातीतून मला माणूस घडव असे मी तुला सांगितले होते काय? माती आणि तिला आकार देणारा हात हे आपल्या वाचकाला परके नाहीत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांची कथा इथे घरोघर ठाऊक आहे: नामात दंग होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले, ते त्यांना कळलेच नाही. व्हिक्टर मात्र सगळे पाहतो. आपण घडवलेल्याचा पिवळट डोळा उघडलेला तो समोर उभा राहून पाहतो, आणि पळ काढतो. तुलना मी याहून ताणणार नाही, पण वर्गात ती सांगितली की शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करत असे.

मिल्टनचा धागा शीर्षकपृष्ठावर संपत नाही. त्या जिवाला रानात चामड्याच्या पेटीत तीन पुस्तके सापडतात: प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्कची थोरांची चरित्रे, जर्मन लेखक गटेची व्हेर्थर या प्रेमभग्न तरुणाची कथा आणि ‘पॅराडाइज लॉस्ट’. हे महाकाव्य तो खरा इतिहास म्हणून वाचतो. आधी त्याला आपण आदमसारखे वाटतो. शेजाऱ्यांचे सुख पाहून मनात मत्सर उसळू लागतो, तेव्हा आपली जात सैतानाची आहे असे वाटू लागते. मिल्टनची ईव्ह, म्हणजे आदमची पत्नी, पाण्यात आपले रूप पाहून मोहित होते. हा डबक्यात डोकावतो आणि दचकून मागे सरतो. ‘दुष्टपणा, तूच माझे हित हो’ हे सैतानाचे उद्गारही शेवटी त्याच्या बोलण्यात उमटतात. पूर्वसाहित्याचे हे पडसाद कथेच्या अंगभूत आहेत. ते बाजूला ठेवले तर हातात नुसता एक राक्षस उरतो.

डोळ्यांचा तर तक्त्यात उल्लेखही नाही. त्या जिवाशी प्रेमाने बोलणारा एकमेव माणूस म्हणजे आंधळा म्हातारा दि लेसी. हिमनदीवरच्या भेटीत व्हिक्टर ‘माझ्या नजरेपुढून दूर हो’ असे ओरडतो, तेव्हा तो व्हिक्टरच्या डोळ्यांवर आपले हात ठेवतो आणि म्हणतो, घे, तुझी सुटका केली. आता निदान ऐक तरी.

शेवटी एक वस्तुनिष्ठ चूक. तक्त्याच्या तळाशी ‘राक्षस चितेत जळून मरतो’ असे छापले आहे. कादंबरीत तसे घडत नाही. उत्तरेकडे जाऊन स्वतःची चिता रचीन, असे तो फक्त म्हणतो. ही सगळी कथा सांगणारा जहाजाचा कॅप्टन वॉल्टन, त्याला दिसते ते एवढेच, की तो खिडकीतून बर्फाच्या तराफ्यावर उडी घेतो आणि लाटा त्याला अंधारात दूर नेतात. परीक्षा तोंडावर असल्याने निदान एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारच्या अंकात व्हावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
सोलापूर