नानांच्या ड्रायव्हरसाठी चेंडू

मसलबरा, स्कॉटलंड
रविवार

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

नानांचा ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये लांब फटका मारायची त्यांची ती लाकडी काठी, सुखरूप पोहोचला. आक्कांच्या नातवाने तो दोन गोधड्यांमध्ये गुंडाळून आणला. वाटेत कोणी काही विचारले नाही, याचेच त्याला थोडे वाईट वाटलेले दिसले. ड्रायव्हरच्या डोक्याला बांधलेली तुझी चिठ्ठीही मिळाली. ‘खेळ सुरू होतो त्या पहिल्या टीवरून नानांच्या नावाने एकदा मार, मग हवा तर भिंतीवर टांग’ एवढाच मजकूर, खाली सहीसुद्धा नाही. चाळीस वर्षांत तुझ्या हुकूम सोडण्याच्या पद्धतीत काही फरक पडलेला नाही. आमची प्रकृती ठीक आहे. माझा रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे आणि हिचे गुडघे थंडी सरली की बरे होतील, असे डॉक्टर दर थंडीत सांगतात.

आता मुद्द्याचे. मारायचा तर कोणत्या चेंडूने मारायचा, या एका प्रश्नाने माझी झोप उडवली आहे. घरात हे कोणाला सांगायची सोय नाही. हिने ऐकून घेतले आणि ‘पांढरा असला म्हणजे झाले ना?’ असे विचारून ती स्वयंपाकघरात गेली. नानांनी तो ड्रायव्हर पुसताना तुला किंवा मला कधी हात लावू दिला नव्हता, हे आठवणारा तूच एक उरला आहेस, म्हणून तुला लिहितो आहे.

प्रथम वस्तूची हकीकत ऐक. दांडा हिकरीच्या लाकडाचा आहे आणि अजून सरळ आहे. मान जिथे दांड्याला मिळते तिथला काळा मेणदोरा दोन ठिकाणी सुटला होता, तो मी नवा गुंडाळला. डोके पर्सिमनच्या लाकडाचे आहे, तळाला पितळी पट्टी आहे आणि तोंडाच्या मध्यभागी काळपट फायबरचा चौकोनी तुकडा स्क्रूंनी बसवलेला आहे. त्यांतल्या टाचेकडच्या, म्हणजे दांड्याच्या बाजूच्या, वरच्या स्क्रूपासून एक बारीक रेघ निघते आणि लाकडाच्या शिरेला समांतर जात मानेकडे नाहीशी होते. ती शीर आहे की तडा, हे मला भिंगातूनही ठरवता आलेले नाही. नखाने टिचकी मारली तर आवाज भरीव येतो. अंगठ्याने दाबले तर काही हलत नाही. पण घोलवडच्या दमट हवेत राहिलेले लाकूड इथल्या हीटर लावलेल्या घरात आले की सुकून आकसते आणि मग डोके दांड्यावर खेळू लागते, असे इथले जाणते लोक सांगतात. म्हणून ड्रायव्हर मी थंड गॅरेजमध्ये ठेवला आहे आणि दांड्याला जवसाच्या तेलाचा पुसट हात दिला आहे. हिने गॅरेजमधले तिचे लोणच्याचे डबे हलवावे लागल्याची तक्रार केली, ती मी ऐकली नाही.

तुझी सूचना होती की नानांच्या कपाटातले डनलॉप ६५ पाठवून देतोस, त्यांच्याच चेंडूने त्यांचाच ड्रायव्हर मारावा. कल्पना सुंदर आहे आणि मला ती अजिबात मान्य नाही. त्या चेंडूंच्या पोटात ताणून गुंडाळलेला रबराचा दोरा असतो. इतक्या वर्षांत त्या रबराचा ताण गेलेला असतो आणि वरचे कवच ठिसूळ झालेले असते. असा चेंडू उडत नाही, नुसता ढकलला जातो, आणि बहुधा पहिल्याच फटक्यात फुटतो. ‘नानांनी जन्मभर याच चेंडूने मारले, मोडला का ड्रायव्हर?’ असे तू म्हणशील, हे मला ठाऊक आहे. नानांनी ते मारले तेव्हा चेंडू ताजे होते आणि लाकूडही आजच्याइतके वाळलेले नव्हते. शिवाय ते लहान चेंडू आहेत, १.६२ इंचांचे. इथल्या ओपन या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत १९७४ पासून १.६८ इंचांचा मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू नियमांतूनच गेला. वाऱ्यात लहान चेंडू नीट घुसतो, मोठा म्हणजे टरबूज, असे नाना म्हणत असत. फर्थ ऑफ फोर्थ या खाडीवरून येणारा वारा तोंडावर घेतला की त्यांचे म्हणणे रोज पटते. तरीही ते चेंडू तिथेच असू देत. त्यांच्यावरचे कागद फाडू नकोस आणि नातवंडांच्या क्रिकेटसाठी तर अजिबात देऊ नकोस.

राहिला आजचा चेंडू. तुला आठवत असेल, येरवड्याच्या गोल्फ मैदानावर ओढ्यातून काढलेल्या चेंडूंवरून आपले किती वेळा वाजले होते. टायटलिस्ट कंपनीच्या चेंडूवर काळा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन, म्हणजे कडकपणा, शंभर, तांबडा म्हणजे नव्वद. मी काळ्या आकड्यासाठी तुला दोन तांबडे द्यायचो आणि तू ते हसत हसत घ्यायचास. शंभरचा चेंडू दाबायला जो वेग लागतो तो आपल्या मनगटात नाही, हे तुझे म्हणणे होते. मोठे खेळाडू शंभरचाच मारतात, हे माझे. एकदा यावरून तू आठवडाभर बोलला नव्हतास आणि मेजरसाहेबांनी मध्यस्थी करून दोघांनाही कोकम सरबत पाजले होते. तो वाद इथे पुन्हा उपटला आहे, फक्त आता मी तुझ्या बाजूला उभा आहे. यावरून तू तेव्हा बरोबर होतास असे मात्र समजू नकोस. तेव्हा प्रश्न अंतराचा होता आणि आता प्रश्न लाकडाचा आहे.

लाकडाचा प्रश्न असा की चेंडू आणि क्लब, म्हणजे काठी, यांची गाठ सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरती पडते. तेवढ्यात चेंडू जितका चेपला जाईल तितका आघात पसरतो. कडक चेंडू कमी चेपला जातो आणि आघाताचे टोक तोंडावर, स्क्रूंवर आणि शेवटी मानेवर येते. हे काही आजचे ज्ञान नाही. १८४८ च्या सुमारास इथे पिसे ठासून भरलेल्या चेंडूऐवजी गुट्टापर्चा या झाडाच्या चिकाचा कडक चेंडू आला, तेव्हा पिसांच्या चेंडूसाठी घडवलेली लांब, निमुळत्या नाकाची लाकडी डोकी तडकू लागली. मग कारागिरांनी तोंडावर चामड्याचे तुकडे बसवले आणि पुढे डोकी आखूड व जाड केली. नानांच्या ड्रायव्हरच्या तोंडावर जो फायबरचा तुकडा आहे तो त्याच घराण्यातला. चेंडू बदलला की लाकडाला किंमत मोजावी लागते, ही इथली जुनी रीत आहे.

आणि भांडणाचे म्हणशील तर आपण कोणीच नव्हे. सेंट अँड्र्यूजचा अ‍ॅलन रॉबर्टसन पिसांचे चेंडू करून विकणारा, आणि टॉम मॉरिस त्याच्या हाताखाली काम करणारा. टॉम नव्या चेंडूने खेळला म्हणून दोघांत बिनसले आणि १८५१ मध्ये टॉम प्रेस्टविकला निघून गेला. आपल्या मसलबराच्या गोर्ले घराण्याची गोष्ट त्याहून मासलेवाईक आहे. एका सरदाराने ‘चेंडू शिल्लक असतील तेव्हा पाठवत जा’ असे सांगून ठेवले होते. नवा चेंडू पाहताच गोर्लेने आपला धंदा बुडणार हे ओळखले आणि घरातले पिसांचे सगळे चेंडू त्या सरदाराकडे रवाना केले, असे सांगतात. आपल्या पेठेतले एखादे दुकान याहून काय वेगळे वागले असते?

तुला एक गंमत सांगायची राहिली. पर्सिमन हे आपल्या टेंभुर्णीचेच भावंड आहे, एकाच कुळातले. बलाटा, ज्याच्या चिकाचे कवच आपल्या त्या काळ्या-तांबड्या आकड्यांच्या चेंडूंवर असायचे, तो चिकूच्या जवळच्या नात्यातला. गुट्टापर्चाही त्याच घरचा. म्हणजे नाना बिडी ओढत, टेंभुर्णीच्या भावकीतला ड्रायव्हर घेऊन चिकूच्या भावकीतला चेंडू मारत होते आणि वाडा त्याला साहेबी खेळ म्हणत होता. तू आता चिकूच्याच बागेत बसला आहेस, तेव्हा खेळ सोडला असे तुला म्हणता येणार नाही.

विषयावर येतो. नानांच्या ड्रायव्हरला हात लावण्याआधी मी इथल्या जुन्या लिंक्सवरून, म्हणजे समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावरून, भाड्याने हिकरीची ब्रॅसी, म्हणजे ड्रायव्हरसारखीच लाकडी डोक्याची काठी, घेतली आणि तिच्यावर चेंडूंची परीक्षा केली. हे मैदान नऊ होलचे, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत आहे. १८७४ ते १८८९ या काळात ओपन स्पर्धा इथे सहा वेळा झाली. क्लब भाड्याने देणाऱ्या म्हाताऱ्याने पहिलीच ताकीद दिली की प्रॅक्टिस रेंजवरचे चेंडू लाकडावर कधीही मारायचे नाहीत. ते झिजू नयेत म्हणूनच बनवलेले असतात, त्यामुळे झिजायचे काम लाकडाकडे येते. त्यानंतर मी टायटलिस्टचा प्रो व्ही वन मारला. त्याचे कॉम्प्रेशन नव्वदीच्या आसपास, म्हणजे तुझा तांबडा आकडाच म्हण. मध्यावर बसला तेव्हा बरा गेला. टाचेकडे बसला तेव्हा दांडा मुठीत वळला आणि झिणझिण्या कोपरापर्यंत आल्या. श्रिक्सनचा सॉफ्ट फील साठच्या आसपासचा आहे, त्याने हात दुखला नाही. कॅलवेचा सुपरसॉफ्ट चाळिशीच्या आतला. त्याचा आवाज अगदी बद्द येतो, पिकल्या फळाला बोट लावल्यासारखे वाटते, पण माझ्या वयाच्या स्विंगला तो इतरांपेक्षा मागे पडला नाही, आणि मुख्य म्हणजे चुकीच्या जागी बसला तरी ब्रॅसीने तक्रार केली नाही. जुन्या जाळीच्या नक्षीचे चेंडूही नव्याने बनवून मिळतात. दिसायला ते नानांच्या ड्रायव्हरशेजारी शोभतात, पण खळग्यांच्या चेंडूइतके हवेत तग धरत नाहीत आणि इथल्या वाऱ्यात लवकर खाली बसतात. फोटोसाठी एक घेऊन ठेवला आहे, महाग होता.

उडण्याचेही एक त्रांगडे आहे. बलाटाचा चेंडू भरपूर फिरायचा, म्हणून लाकडी ड्रायव्हरवरून तो आधी जमिनीलगत निघायचा आणि मग चढत जायचा. नाना ज्याला ‘जिना चढला’ म्हणायचे तो हाच. आजचे लांब जाणारे चेंडू कमी फिरतील असे बनवतात, कारण टायटेनियमची मोठी डोकी त्यांना आपणच वर उचलून देतात. लाकूड तसे उचलून देत नाही. त्यामुळे असा चेंडू खाली निघतो आणि खालीच राहतो. चेंडूखालची टीची खुंटी थोडी उंच ठेवली की निम्मे काम होते, निम्मे होत नाही. तो जिना पुन्हा पाहायला मिळेल ही आशा मी सोडली आहे. २००० साली प्रो व्ही वन आला आणि दोऱ्याचे चेंडू बघता बघता दुकानांतून गेले, तेव्हाच तो गेला.

तर माझा कल असा आहे. चेंडू सुपरसॉफ्ट, पूर्ण नवा, कोटाच्या आतल्या खिशात ठेवलेला, कारण थंडीत मऊ चेंडूही कडक होतो. दिवस वाऱ्याचा नसावा आणि शर्यतीचाही नसावा. टीवर उभा राहून आधी दोनदा हवेत फिरवायचा, मग पाऊण स्विंगने मारायचा. एवढे सगळे एका फटक्यासाठी. खरी गोम इथेच आहे, बाळू. तुझ्या चिठ्ठीत ‘एकदा’ लिहिले आहे. गॅरेजमध्ये तो ड्रायव्हर हातात घेतला की माझे मन एकावर थांबत नाही. मूठ माझ्या बोटांना नेमकी बसते. मला तो नऊही होल खेळवायचा आहे, जिथे जिथे नानांनी ड्रायव्हर काढला असता तिथे तिथे. योग्य चेंडू असेल तर त्या रेघेला काही होणार नाही असे म्हाताऱ्याचे मत आहे. पण म्हाताऱ्याचे नाना नव्हते, आणि रेघ वाढली तर तुला फोन मला करावा लागणार आहे, त्याला नाही.

तुझी बाग कशी आहे? या वर्षी चिकूला भाव नीट मिळाला का, आणि धाकटीचे लग्न डिसेंबरात नक्की झाले का, ते कळव. वहिनींना नमस्कार. दादाशी जमिनीचे बोलणे झाले का? झाले नसेल तर आता राहू दे, लग्नानंतर बोल. मोतीबिंदूचे टाळू नकोस.

परवानगीचे मात्र लगेच कळव आणि मोघम लिहू नकोस. ‘तुला योग्य वाटेल तसे कर’ हे उत्तर मी उत्तर धरणार नाही. एक की नऊ, एवढाच आकडा लिही, काळ्या शाईत लिही किंवा तांबड्या. तोवर ड्रायव्हर लोणच्याशेजारी आहे.

तुझा,
बापू