आठ नोडांचे पैसे, एकाच नोडची चाचणी : क्लस्टर उभारणीबाबत तक्रार

दि. १४ जून
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : क्लस्टरच्या सर्व नोडांवर एमपीआय (अनेक संगणकांना एकमेकांशी बोलत एकच काम करू देणारे सॉफ्टवेअर) सारखे न बसवताच काम पूर्ण दाखवल्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

मार्चमध्ये आपल्या कंपनीने आमच्या केंद्रात आठ नोडांचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेले आठ संगणक, बसवून दिला. प्रत्येक नोडला १६ कोअर (प्रोसेसरमधले गणित करणारे भाग), म्हणजे एकूण १२८. त्यावर डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे प्रारूप चालवायचे आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांना वाऱ्याचा अंदाज वेळेवर द्यायचा, एवढ्यासाठी गटातल्या शेतकऱ्यांनी वर्गणी काढून ही यंत्रे घेतली. आजपर्यंत आठही नोडांनी मिळून एकही अंदाज काढलेला नाही.

आपले इंजिनिअर दोन दिवस आमच्याकडे होते. मुलगा कष्टाळू होता, एका यंत्रावरून दुसऱ्याला आज्ञा देण्यासाठी पासवर्डशिवाय एसएसएचची जोडणी त्याने व्यवस्थित केली, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला पुढच्या कामाची गाडी पकडायची होती. निघण्यापूर्वी त्याने हेड नोडवर, म्हणजे मुख्य यंत्रावर, चाचणीचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’च्या १२८ ओळी सरसर उतरल्या आणि मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली. आठवडाभराने आमच्या मुलांनी तीच आज्ञा देऊन फक्त प्रत्येक प्रोसेसच्या (प्रोग्रामच्या चालू प्रतीच्या) यंत्राचे नाव छापायला सांगितले. १२८ वेळा हेड नोडचेच नाव आले! आज्ञेत ‘ओव्हरसबस्क्राइब’ हा पर्याय घातलेला होता. कोअर १६ असताना १२८ प्रोसेस त्यामुळेच एका यंत्रावर कोंबता आल्या. बाकीच्या सात नोडांचा त्या चाचणीशी काही संबंधच नव्हता.

होस्टफाइलमध्ये, म्हणजे नोडांच्या यादीत, आठही नावे देऊन चालवले, तर दुसऱ्या नोडपासूनच ‘ऑर्टेड : कमांड नॉट फाउंड’, म्हणजे तिथे एमपीआयचा मदतनीस प्रोग्रामच सापडेना. आपल्या सेवा केंद्राने दूरून लॉगिन करून पहिले चार नोड दुरुस्त केले, उरलेल्यांसाठी ‘तुमचा (नोडांना जोडणारा) स्विच धिमा आहे’ असे सांगितले. आम्ही ₹ ३८,००० खर्चून नवा स्विच आणला. फरक शून्य.

मेच्या अखेरीस इकडे वादळी वारे सुटतात. घडांच्या वजनाने वाकलेली केळीची बाग एका संध्याकाळच्या वाऱ्यात आडवी होते. त्या आठवड्यात शेतकऱ्यांचे फोन येत होते : तयार घड आज कापून घ्यावेत का? बांबूचे टेकू कोणत्या बाजूला लावावेत? एका नोडवर ४८ तासांचा अंदाज निघायला १४ तास लागतात, तोवर वारा येऊन गेलेला असतो. म्हणून चार नोडांवर ६४ प्रोसेस सुरू केल्या. चारही यंत्रे १०० टक्के वापर दाखवत होती, त्यामुळे गणित चालू आहे असे आम्ही धरून चाललो. मध्यरात्री पाहिले, तर निकालाची फाइल रिकामी. एमपीआयमध्ये उत्तराची वाट पाहणारी प्रोसेसही प्रोसेसर पूर्ण गुंतवून ठेवते, हे आम्हाला त्या रात्री कळले. त्या दिवशी आम्ही कोणालाच काही सांगू शकलो नाही.

हे प्रारूप सगळ्या प्रदेशाचे वाटे करते आणि प्रत्येक वाटा एका प्रोसेसला देते. प्रत्येक पावलाला शेजारच्या वाट्याकडून सीमेवरचे आकडे यावे लागतात. पांझरेकाठच्या फडात (एकाच पाटावर भिजणाऱ्या सामायिक शेतीत) पाटकऱ्याने पाणी सोडण्याचे एक बारे उघडले नाही, तर खालची सगळी शेते कोरडी राहतात, तसेच हे आहे. एक नोड गप्प बसला की सगळे थांबतात.

मग तीन रात्री बसून आम्ही एकेक नोड तपासला. बदल काहीच केला नाही, कारण करारानुसार आम्ही हात लावला तर आपली सेवा रद्द होते. पहिल्या चार नोडांवर ओपन एमपीआय (एमपीआयचा एक प्रकार) ४.१ आहे, पाचव्या-सहाव्यावर ४.० आणि तेही वेगळ्या फोल्डरमध्ये, तर सातव्या-आठव्यावर ओपन एमपीआय नाहीच, तिथे एमपीआयसीएच हा दुसराच प्रकार आहे. सर्व नोडांवर एकच आवृत्ती हवी, ही या कामातली पहिली अट. पाचव्या-सहाव्यावर पाथची, म्हणजे प्रोग्राम कुठे शोधायचा ते सांगणारी, ओळ ‘बॅश प्रोफाइल’ या फाइलमध्ये लिहिली आहे. स्वतः लॉगिन केले तर ती वाचली जाते, पण एसएसएचवरून नुसती आज्ञा पाठवली तर नाही. आणि प्रत्येक नोडवर व्हर्च्युअल मशीनसाठीचे एक आभासी नेटवर्क तसेच सोडलेले आहे, सगळीकडे एकाच पत्त्याचे, १९२.१६८.१२२.१. ओपन एमपीआय त्यावरूनही दुसऱ्या नोडला गाठायला जाते आणि तिथेच अडकते. चालवताना फक्त खऱ्या नेटवर्कचे नाव सांगितले, तेव्हा पहिल्या चार नोडांवर रिंग चाचणी (एक निरोप सगळ्या प्रोसेसमधून फिरून पहिलीकडे परत येतो ती) क्षणात पूर्ण झाली. तीही जुना स्विच परत लावून.

एमपीआयचे पहिले प्रमाण १९९४ सालचे आहे आणि ओपन एमपीआय कोणालाही फुकट मिळते. आम्ही आपल्याला सॉफ्टवेअरची किंमत दिलेली नाही, ते आठही यंत्रांवर सारखे बसवून देण्याची मजुरी दिली आहे. तेच काम झालेले नाही.

म्हणून, हे पत्र मिळाल्यापासून १० दिवसांत आपला माणूस प्रत्यक्ष इथे पाठवावा. आठही नोडांवर एकच आवृत्ती एकाच जागी बसवावी, पाथ आणि नेटवर्कची मांडणी दुरुस्त करावी. चाचणी माझ्यासमोर व्हावी : प्रत्येक नोडचे नाव बरोबर १६ वेळा यावे आणि त्यानंतर १२८ प्रोसेसची रिंग पूर्ण व्हावी. नुसत्या नावांवर मी सही करणार नाही, कारण त्याने प्रोसेस सुरू झाल्याचे कळते, त्या एकमेकींशी बोलतात की नाही ते कळत नाही. स्विचचे ₹ ३८,००० परत करावेत. उरलेली ३० टक्के रक्कम आम्ही तोपर्यंत रोखून ठेवली आहे. मार्चमधली माझी सही या पत्राने मी मागे घेत आहे.

आठही नोडांच्या तपासणीची नोंद सोबत जोडली आहे. येणाऱ्या इंजिनिअरला किमान तीन दिवस द्यावेत. भुसावळ स्टेशनवरून त्यांना आणण्याची आणि राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू.

आपला,
सचिव, केळी उत्पादकांचा हवामान सल्ला गट